ढवळ्याचं तिसरं शिंग

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मारेगावच्या होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "काय करता?" मी म्हटलं, "बोटींमध्ये यंत्रं बसवतो. बोट कुठं आहे, खाली पाणी किती खोल आहे, तोंड कुठल्या दिशेला आहे, हे सांगणारी यंत्रं." सासऱ्यांनी सुपारी कातरणं थांबवलं आणि माझ्या मामाकडं पाहून म्हणाले, "पोरगा चांगला हाय, पन यवतमाळात समुद्र कवा आला?"

मामा हजरजबाबी. म्हणाला, "आला नाही, म्हनून तं पोरगा तिकडं गेला."

लग्न जमलं, पण प्रश्न काही सुटला नाही. जिथं जावं तिथं तोच. निवृत्त होऊन गावी परतलो, तर परवा दाढी करता करता न्हाव्यानंही विचारलंच. त्याला जे उत्तर दिलं तेच इथं लिहितो आहे. फरक एवढाच की त्याचं दाढी करणं संपलं आणि माझी गोष्ट अर्धीच राहिली.

दारव्ह्याला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी धंदा शिकलो. पुढं टीव्ही स्वस्त झाले, रेडिओ कोणी दुरुस्तीला आणेना, आणि एका ओळखीच्या माणसाच्या चिठ्ठीवर मी कोकणातल्या एका बंदरात जाऊन पडलो. पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही. पण मच्छीमार बोटींवर तेव्हा नवी यंत्रं येऊ लागली होती आणि ती एकमेकांना जोडणारा माणूस हवा होता. ते काम मला जमलं.

काम काय, तर सोपं आहे. आभाळातल्या उपग्रहांकडून जागा समजून घेणारं एक यंत्र असतं. पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं दुसरं. दिशा सांगणारं होकायंत्र तिसरं. आणि हे सगळं नकाशावर दाखवणारा पडदा. प्रत्येक यंत्र एकटं असलं तर आपापलं बडबडतं. खोलीवाला म्हणतो, "चाळीस फूट." कुठं चाळीस फूट, ते त्याला ठाऊक नसतं. जागावाल्याला जागा ठाऊक, खाली काय आहे ते ठाऊक नाही. यांना तारांनी असं जोडायचं की एकानं बोलावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. एका तारेवर दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया जातं. बोलण्याचा वेगही जुळावा लागतो, एक भरभर बोलणारा आणि दुसरा सावकाश ऐकणारा असला की संसार मोडला. याला आम्ही नेटवर्क म्हणतो. कोळ्यांचं जाळं मासे आणायचं. माझ्या जाळ्यात बत्तीस वर्षांत एक बोंबीलही सापडला नाही.

या जाळ्याचा एक गुण मात्र मी डोळ्यांनी पाहिला. एका बोटीवर दोघे सख्खे भाऊ होते, थोरला पुढं सुकाणूवर, धाकटा मागं जाळ्यावर. वर्षभर अबोला. मी मागं दुसरा पडदा लावून तो पुढच्याला जोडला. पुढच्या पडद्यावर केलेली खूण मागंही उमटायची आणि खुणेला नाव देता यायचं. आठ दिवसांनी काही तक्रार आहे का पाहायला गेलो, तर नकाशावर भर समुद्रात एक खूण होती, तिचं नाव होतं "जेवलास का". तिच्या शेजारी दुसरी खूण, "नाही". मी खुणा न पुसताच परत आलो.

असं सगळं बरं चाललं होतं, पण मन गावाकडं होतं. ती कापसाची वाईट वर्षं. यवतमाळचा आहे म्हटलं की समोरचा माणूस आवाज खाली आणायचा, जणू मी मयताहून आलोय. मला त्याचा राग यायचा. दुःख होतं, खोटं कशाला बोलू, खूप होतं. पण माझी माणसं त्या वर्षांतही भांडत होती, लग्नं लावत होती, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ओरडत होती. ते कोणी पेपरात छापत नव्हतं.

अशात कळलं की आमच्याच जिल्ह्यातल्या एका धरणाची मोजणी होणार आहे. बोटीत यंत्रं बसवायची, धरणभर फिरायचं आणि तळाचा नकाशा काढून किती गाळ साचला, किती पाणी मावतं ते ठरवायचं. माणूस हवा होता. मी उड्या मारतच आलो. धरणाचं नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून आहेत आणि मी त्यांची मस्करी करणार आहे.

माझी थोरली बहीण घाटंजीकडं दिलेली. आम्ही तिला बाई म्हणतो. तिचं गाव याच धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ज्याला सगळे टेल म्हणतात. टेलला तीन वर्षं पाणी पोचलं नव्हतं. पाटबंधारे खात्याचा अंदाज असा होता की धरणात गाळ फार झाला आहे, पाणी कमी मावतं, म्हणून रब्बीत शेवटच्या गावांना पाण्याची पाळी देता येत नाही. आता पोळ्यानंतर चार दिवसांनी कालव्याच्या पाणीवाटपाची बैठक होती. त्याआधी मोजणी पुरी झाली तर नवा आकडा धरणार, नाही तर जुनाच अंदाज कायम.

मी भेटायला गेलो तर बाईनं पाणी द्यायच्या आधी विचारलं, "धरनात पानी हाय का नाही, एवढं सांग मले."

"मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"मंग मोज. कापसाचं जे व्हाचं ते होवो. दोन पाळ्या भेटल्या तं हरबरा होते, घर उभं राह्यते. पन खरं मोजजो. माह्या तोंडाकडं पाहून पानी वाढवू नोको. खोटं पानी वावरात येत नाही."

बाई चौथी शिकलेली. एवढी स्पष्ट सूचना मला कुठल्याच मालकानं कधी दिली नाही.

बोट होती फायबरची, पांढरीशुभ्र, मागं इंजिन, वर ताडपत्रीचं छप्पर, पुढच्या टोकाला झेंड्यासाठी दोन दांडे. चालवणारा किसन नाना, जातीनं भोई, साठीच्या पुढचा, धरणात मासेमारी करणारा. धरण झालं तेव्हा त्याचं शेत पाण्याखाली गेलं आणि बैलजोडी विकावी लागली. त्यातल्या डाव्या बैलाचं नाव ढवळ्या. बोट पांढरी म्हणून नानानं तिचंही नाव ढवळ्याच ठेवलं होतं. कागदावर तिला नंबर होता, पण नंबरानं हाक मारली तर नाना ऐकू न आल्यासारखं करायचा.

मी यंत्रं बसवत होतो तेव्हा नाना शेजारी बसून एकेकाची चौकशी करत होता, नव्या सुनेच्या माहेरची करावी तशी. छपराच्या वर उंच दांड्यावर मी उपग्रहाचा अँटेना बसवला. आळंब्यासारखा दिसतो, पांढरा, गोल. नानानं विचारलं, "हा टोपीवाला काय करते?"

"हा आभाळाकडं बघतो, नाना. हा नसला तर बाकीचे सगळे आंधळे."

"अन् तो खालचा?" बोटीच्या बाजूला दांड्याला बांधून पाण्यात सोडलेला खोली मोजणारा गोळा होता तो.

"तो सगळ्यात जास्त राबतो. दिवसभर पाण्यात हाका मारतो आणि जमिनीचं उत्तर ऐकतो. सगळं ओझं त्याच्यावर."

नानानं मान हलवली. "म्हंजे हा बैल, अन् टोपीवाला धनी."

"तसंच समजा," मी म्हटलं आणि वर स्वतःवर खूश झालो. काय सोपं करून सांगतो आपण! हे वाक्य पुढं माझ्या अंगाशी येणार होतं.

काम सुरू झालं. धरणावर या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेषांत बोट न्यायची, थोडं अंतर सोडून परत यायचं, पुन्हा जायचं. नानाला हे शिकवावंच लागलं नाही. "हे तं तास घेनं झालं," तो म्हणाला, आणि नांगराचे तास घ्यावेत तशी बोट सरळ नेऊ लागला. पडद्यावर त्याची रेघ फुटपट्टीनं मारल्यासारखी यायची. रोज सकाळी यंत्र खरं सांगतंय का ते तपासायला नाना आपली दोरी पाण्यात सोडायचा. खाली दगड, हातभर अंतरावर गाठी. तो गाठी मोजायचा, मी पडदा वाचायचा. दोन बोटांचा फरक पडायचा, आणि नाना म्हणायचा, "तुमचं यंत्र शिकून राह्यलं हळूहळू."

पोळ्यापर्यंत तीन हिस्से काम झालं होतं. राहिला होता मधला भाग, जुन्या नदीच्या पात्रावरचा. तोच महत्त्वाचा, कारण सगळ्यात जास्त पाणी तिथंच. तीन दिवसांचं काम, पोळ्यानंतर बैठकीला चार दिवस. मी निर्धास्तपणे बाईकडं पोळ्याला गेलो.

आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव नाहीत. पण पोळा आहे. बाई म्हणते, "देव सोडले, बैल थोडीच सोडले." आदल्या दिवशी तिनं बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळून शेकले आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हे आमंत्रण असतं. दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, बेगड, पाठीवर झूल, पुरणपोळी. मी दोन दिवस खाऊन खाऊन जड झालो आणि धरणावर परतलो.

घाटावर येऊन पाहतो तर बोट नवरी झाली होती. पुढच्या दोन्ही दांड्यांना बेगड, सोनेरी, चकचकीत. गळ्यात घुंगरांची माळ, म्हणजे पुढच्या टोकाला. छपरावर झूल, कडेला गेरूचे पंजे. नाना नवं धोतर नेसून काठावर उभा होता आणि मी काही बोलतो का ते पाहत होता. मी म्हटलं, "वा नाना! ढवळ्या शोभतो!" नानाचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आजचा दिवस चांगला जाणार.

बटण दाबलं. पडदा लागला आणि पिपाणीसारखा ओरडायला लागला. जागा नाही. खोलीचे आकडे येत होते, पण वेडेवाकडे, दोन फूट, तीस फूट, पुन्हा दोन. आकडे टिपून ठेवणाऱ्या लॅपटॉपनं एकही ओळ लिहून घेतली नाही, कारण जागेशिवाय खोली त्याला चालत नाही. सगळं घर एकदम आजारी पडलं होतं.

जोडलेल्या यंत्रांचं हेच असतं. एकाला ताप आला की सगळे कण्हतात आणि मूळ दुखणं कुणाचं ते कळत नाही. त्यात मी किनाऱ्यावर तयार झालेला. तिथं खारं पाणी सांधे खातं, म्हणून तिथला माणूस आधी सांधे बघतो. मीही सांधे बघायला लागलो. सगळ्या तारा एकत्र येतात ती डबी मी स्वतः डाग देऊन बनवली होती, ती उघडली. एकेक डाग पुन्हा दिला. अँटेनाची तार मीटरनं तपासली, ठणठणीत. बॅटरी बदलली. दुपार झाली. पडदा ओरडतच होता.

मोजणीवरचे साहेब सांगलीकडचे, तरुण, शांत. ते घड्याळाकडं न बघण्याचा प्रयत्न करत होते आणि ते मला दिसत होतं. शेवटी म्हणाले, "आज दुरुस्त झालं नाही तर मला तसं कळवावं लागेल. बैठक पुढं ढकलता येणार नाही."

मला बाईचा चेहरा दिसला. खोटं पाणी नको म्हणाली होती, आणि मी खरं पाणीसुद्धा घालवून बसणार होतो. माझं डोकं फिरलं. मी नानावर ओरडलो, सगळ्यांसमोर. "कशाकशाला हात लावला? अडाण्याच्या ताब्यात यंत्रं दिली की हेच होतं!"

नाना खाली मान घालून घुंगरं सोडायला लागला. खाली मान घालून घुंगरं सोडायला लागला. त्याच्या नव्या धोतराकडं मी बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी लोकांना बरंच काही बोललो असेन, पण हे वाक्य मला अजून टोचतं.

साहेब काठावर बसून बोटीकडं पाहत होते. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण नानाला बोलतं करायला म्हणून त्यांनी सहज विचारलं, "नाना, सजवलीय छान. पण बैलाला शिंगं दोन असतात, तुमच्या ढवळ्याला तीन कशी?"

नाना हळूच म्हणाला, "दोन त्याचेच हाय, साहेब. पन तो वरचा टोपीवाला उघडा दिसून राह्यला होता. धनी हाय तो. सगळ्याईले बेगड लावलं अन् धन्याले काहून नाराज ठेवाचं?"

मी वर पाहिलं.

सकाळपासून मी तिकडं दहा वेळा पाहिलं असेल. डोळ्यांनी पाहिलं होतं, डोक्यानं नाही. अँटेनाच्या पांढऱ्या टोपीला नानानं डिंक लावून बेगड असं घट्ट बसवलं होतं की एक सुरकुती नाही. बेगड म्हणजे धातूचा पातळ पत्राच. आभाळाकडं बघणाऱ्याच्या डोळ्यांवर सोन्याची पट्टी!

मी छपरावर चढलो. नखानं बेगड सोलायला लागलो. निम्मं निघालं तोच खाली पडद्याचं ओरडणं थांबलं. एक उपग्रह, तीन, सहा. साहेब टाळ्या वाजवायला लागले. पण खोलीचे आकडे अजून नाचतच होते. आता मात्र मला विचार करावा लागला नाही. वरूनच विचारलं, "नाना, खांदा कुठं शेकला?"

"जो राबते त्याचाच," नाना म्हणाला. "खालच्याचा. तुमीच तं सांगतलं होतं, सगळं ओझं त्याच्यावर हाय म्हून. पावभर लोनी लावलं. वरून फडकं बांधलं, पान्यात वाहून नाही जाव म्हून."

दांडा वर ओढला. गोळ्याला लोण्या-हळदीचा जाड थर, त्यावर पिवळं फडकं आणि फडक्यात अडकलेले हवेचे बुडबुडे. बिचारा हाक मारत होता आणि त्याचा आवाज तोंडाशीच अडत होता. आधी साहेब हसले, मग मी, मग माझ्याकडं पाहत पाहत नाना. आम्ही तिघं त्या बोटीत इतके हसलो की ती डुलायला लागली आणि न पोहता येणारा मी दांडा धरून बसलो. हसता हसता मला रडू यायचं बाकी होतं. नानानं काहीच मोडलं नव्हतं. मी जे सांगितलं ते त्यानं शब्दशः मानलं होतं आणि ज्याचा मान त्याला दिला होता.

मी त्याचे हात धरले. म्हटलं, "नाना, अडाणी मी आहे. माफ करा."

"जाऊ द्या ना मिस्त्री," तो म्हणाला. "बैल बी लाथ मारते कवा कवा. आता तास घ्या, दिवस चाल्ला."

गोळा साबणानं धुतला. निघण्यापूर्वी नानानं दोरी सोडली, गाठी मोजल्या, पडद्यानं तेच सांगितलं. त्या दुपारपासून तीन दिवस नानानं असे तास घेतले की मला सांगायला शब्द नाहीत. तो आपल्या बुडालेल्या शेतावरूनही बोट घेऊन गेला. तिथं इंजिन थोडं हळू केलं, एवढंच. पडद्याकडं बोट करून म्हणाला, "इथं बांध होता," आणि पडद्यावर तळाची रेघ खरंच जराशी उंचावली.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी नकाशा तयार झाला. गाळ होता, वरच्या तोंडाशी भरपूर होता, बाईला खरं सांगायचं तर ते सांगावंच लागलं. पण जुनं पात्र अजून खोल होतं, अंदाजापेक्षा बरंच खोल. साहेबांनी बैठकीत नकाशा पसरला आणि टेलच्या गावांना रब्बीच्या दोन पाळ्या मिळाल्या.

पाणी टेलला पोचलं त्या दिवशी मी नानाला जीपनं तिकडं घेऊन गेलो. धरण झाल्यापासून पाण्यावरच राहिलेल्या त्या माणसानं कालव्याचं दुसरं टोक कधी पाहिलं नव्हतं. कालव्याच्या छोट्या फाट्यातून, चारीतून पाणी येताना पुढं काडीकचरा, फेस आणि मागं गावातली अर्धी माणसं चालत होती. बाई अनवाणी वाफ्यात उभी. पाणी तिच्या पायाला लागलं तेव्हा ती मोठ्यानं हसली. मी तिला इतकं मोठ्यानं हसताना तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षीही मोजणी होती, मी आणि यंत्रं पुन्हा ढवळ्यावरच; पोळ्याच्या आदल्या दिवशी बाई जीप बदलत बदलत धरणावर आली. हातात लोण्याची वाटी आणि हळद. म्हणाली, "कुठं लावू?" मी तोंड उघडायच्या आत नाना पुढं झाला. बोटीचा पुढचा भाग दाखवून म्हणाला, "इथं लावा, बाई, इथं. त्या खालच्या गोळ्याले नोको, त्याचं आयकनं बंद होते. अन् वरच्या टोपीले तं हातच लावू नोका. आभाळ दिसलं पाह्यजे त्याले."

बाईनं पुढच्या टोकाला लोणी-हळद चोळली. वाकली, आणि पांढऱ्या फायबरला तोंड लावून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

नाना म्हणाला, "तो कसा येनार वो, बाई? तुमच्या गावापावतर कालवा हाय, नदी नाही."

"मागच्या साली पानी आलं ना? मंग तो येऊनच गेला समजा. याही साली येईल."

मी मान वर करून टोपी पाहिली. उघडी होती.